उगाच

2022 साल आमच्या फलटण-माण पट्ट्यात लम्पीचं साल म्हणून लक्षात राहील. त्या वर्षीच्या भाद्रपदात गावोगाव जनावरांच्या अंगावर गाठी यायला लागल्या. आधी ताप, मग डोळ्यानाकातून पाणी, मग मानेवर, पाठीवर, कासेवर सुपारीएवढ्या टणक गाठी. जनावरांचे बाजार बंद झाले, बैलांच्या शर्यती बंद झाल्या, एका गावचं जनावर दुसऱ्या गावात न्यायला बंदी आली. सकाळी धार काढायच्या आधी जो तो आपल्या जनावराच्या अंगावरून हात फिरवायचा. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही, पण मनात देवाचं नाव चाललेलं असायचं. माझ्या दोन संकरित गाई आणि एक कालवड. मीही त्यांना दिवसातून दोनदा चाचपायचो.

त्याच नादात एक दिवस गोठ्याच्या दारात पडलेल्या खंड्याच्या अंगावरून हात गेला आणि डाव्या पुढच्या पायाच्या मागं, बरगडीवर, बोटांना गाठ लागली. लिंबाएवढी. दाबली तर कातड्याखाली सरकत होती. खंड्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि परत डोळे मिटले. त्याला दुखत नव्हतं. निदान तसं दिसत तरी नव्हतं.

खंड्या म्हणजे आमचा कुत्रा. तेव्हा नऊ वर्षांचा. दिवाळीनंतर कोकणात निघालेल्या धनगरांचा वाडा आमच्या रानात दोन रात्री बसला होता. खताला मेंढ्या बसवायची आमच्याकडं जुनी रीत आहे. वाडा हलला तेव्हा एक पिल्लू मागं राहिलं. पायाला काहीतरी लागलेलं, लंगडत होतं, एवढी वाट त्याला चालवली नसती. धनगराची म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. जगलं तर तुमचं." ते जगलं.

शेजारच्या तात्यांना गाठीचं कळलं तसे ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले. "आरं, कुत्र्याला बी लम्पी झाली का काय? त्याला गोठ्यातनं हाकल आधी. आमच्या गाई हायत इकडं." त्यांची काळजी खोटी नव्हती. त्या महिन्यात वाडीतल्या तिघांची जनावरं गेली होती. पण लम्पी हा गाय-बैलांचा रोग, कुत्र्याला होत नाही. तो माश्या, डास, गोचीड यांच्यामुळं पसरतो. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर लस टोचायला वाडीत आले तेव्हा त्यांनीच तात्यांना हे समजावलं. कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड तेवढे काढा म्हणाले. तात्यांचं समाधान झालं. माझं झालं नाही. लम्पी नाही, तर मग ही गाठ कशाची?

वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको म्हणून पुढचं आधीच सांगून टाकतो. ती गाठ चरबीची निघाली. उतारवयातल्या कुत्र्यांना अशा गाठी होतात, सावकाश वाढतात, बहुतेकदा त्यांच्यापासून काही धोका नसतो. त्यासाठी मी भावाची पिकअप घेऊन लोणंदवरून शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात गेलो, एक दिवस मोडला आणि डिझेलसकट बाराशे रुपये घालवले. परत आल्यावर चहाच्या टपरीवर चार दिवस तेवढाच विषय. "शेवटी चरबीच निघाली न्हवं? मग उगाच गेलास की." तात्या म्हणाले, पुतण्या म्हणाला, सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा म्हणाले. हा 'उगाच' शब्द मला डाचत राहिला. गाठ वाईट निघाली असती तर माझं जाणं योग्य ठरलं असतं, आणि चरबीची निघाली म्हणून ते उगाच ठरलं. म्हणजे मी केलं ते चांगलं की फुकटचं, हे मी निघालो तेव्हा ठरलेलंच नव्हतं. ते भिंगाखालच्या काचेनं ठरवलं. हे काही मला पटेना. त्याचाच विचार इथं लिहून बघतो.

शेतकऱ्याचा हिशोब कसा चालतो ते आधी सांगतो. 1986 साली आमच्याकडं खिलारी बैलांची जोडी होती, सर्जा-राजा. त्यातला सर्जा डोकं झटकायला लागला. मान एका बाजूला तिरकी धरायचा. काही दिवसांनी त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त मिसळलेला पू यायला लागला आणि शिंग मुळात हलू लागलं. शिंगाचा कॅन्सर. मोठ्या शिंगांच्या बैलांना हा रोग होतो, जुन्या लोकांना तो चांगला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, शिंग मुळापासून काढावं लागेल. आमच्या वडलांनी तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत विचार केला आणि म्हणाले, "काढा." सर्जा त्यानंतर तीन वर्षं औताला चालला. बेंदराला त्याच्या एकाच शिंगाला हिंगूळ आणि एकच गोंडा, पोरं हसायची.

वडलांना बैलाचा लळा होता, यात शंका नाही. पण त्या वेळी त्यांनी लळ्याला विचारलं नव्हतं. एक बैल गेला तर जोडी मोडते, जोडी मोडली तर पेरणी मोडते, पेरणी मोडली तर वर्ष मोडतं. हा हिशोब त्यांना बोटावर मांडावा लागला नाही, तो हाडात होता. मी त्याला नावं ठेवत नाही. कोरडवाहू तीन एकरावर सात माणसं जगवणाऱ्याला असाच हिशोब जमावा लागतो.

सरकारचाही हिशोब असाच. लम्पीत जनावर दगावलं तर दुभत्या गाईला 30,000 रुपये, बैलाला 25,000, वासराला 16,000. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लावला होता. तो कागद वाचताना मला वाटलं, खंड्याला कुठल्याच रकान्यात जागा नाही. तो दूध देत नाही, औत ओढत नाही, त्याचं शेण शेताला चालत नाही. राखण करतो म्हणावं तर आता घरावर कॅमेरे आलेत. तो आहे एवढंच. रकाना नसलेल्या जिवाचं आपण काय देणं लागतो, हा प्रश्न मला त्या फळ्यापाशी पडला, आणि त्याला आमच्या घराण्याच्या हिशोबात उत्तर नव्हतं.

घरात मी बोललो तर आमची मंडळी म्हणाली, "अवं, मग न्या की. एवढा इचार कशापायी?" बायकांना काही गोष्टी लवकर कळतात. मला लिहूनच कळतात.

तिच्या बोलण्यानं मला धाकट्या चुलतीची आठवण आली. चुलतीच्या छातीत गाठ झाली होती. तिनं ती वर्षभर कुणाला सांगितली नाही. पदराआड ठेवली. त्या वर्षी तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि घरात होते तेवढे पैसे त्या लग्नाचे होते. लग्न झालं, लेक नांदायला गेली, मूळ धाडून तिला पहिल्या सणाला आणली, आणि मग एक दिवस चुलतीनं माझ्या आईचा हात धरून गाठीवर ठेवला. तोवर उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत आईनं तिला विचारलं, "का गं लपवलीस?" ती म्हणाली, "मला ठावं हुतं. पर आधी तिचं हात पिवळं व्हायला पायजे हुतं." पुढं कुणी तिला अडाणी म्हटलं की मला राग यायचा. ती अडाणी नव्हती. तिनं दोन्ही पारडी हातात धरली होती आणि एकात स्वतःला टाकलं होतं. तिनं तसं करायला नको होतं असं मला वाटतं, तिच्यावर ती वेळ यायला नको होती असं तर फारच वाटतं. पण जीव तिचा होता आणि निवड तिची होती.

आता खंड्याकडं बघा. लोक म्हणाले, "कुत्र्याला काय कळतंय, जगतंय तसं जगू द्या. नको ते उकरू नये." नको ते उकरू नये, हे मलाही पटतं. माणसानं स्वतःपुरतं तसं ठरवलं तर मी त्याच्या आड येणार नाही. पण खंड्याच्या वतीनं 'नको' कुणी म्हटलं? खंड्यानं म्हटलेलं नाही. त्याला गाठ म्हणजे काय हेच माहीत नाही. 'नको' आपण म्हणतो, आणि ते सहसा आपल्याला जे स्वस्त पडतं, सोयीचं पडतं तेच असतं. मग त्याला आपण 'नशीब' म्हणतो, 'जनावराची जात' म्हणतो. चुलतीनं आपली गाठ लपवली तो तिचा त्याग. खंड्याची गाठ मी बघून न बघितल्यासारखी केली असती तर त्याला त्याग म्हणता आलं नसतं. तिथं जीव त्याचा आणि सोय माझी.

माहीत नसणं वेगळं आणि माहीत करून न घेणं वेगळं. गाठ हाताला लागायच्या आधी ती कितीतरी महिने तिथं असेल. त्या महिन्यांचा जाब मला कुणी विचारू शकत नाही. पण ज्या क्षणी बोटांना ती लागली त्या क्षणापासून तिच्याबद्दल काही न करणं हेसुद्धा माझंच करणं झालं. हात मागं घेता येतो, पण हाताला जे कळलं ते मागं घेता येत नाही.

आमच्या डॉक्टरांनी मला लगेच पळायला लावलं नाही. त्यांच्यामागं लसीकरणाची घाई होती. म्हणाले, "आठ-दहा दिवसांनी शिरवळला न्या. तोवर गाठ मोजून ठेवा. तारीख लिहा. वाढली, लाल झाली, फुटली, किंवा त्यानं खाणं सोडलं, तर मात्र थांबू नका." मी कारभारणीकडून शिवणाचा दोरा घेतला, गाठीभोवती धरला आणि माप जुळलं तिथं दोऱ्याला गाठ मारली. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली 'खं' लिहिलं. गाईचं रेतन, दुधाचा पगार, वीजबिल या सगळ्या नोंदी असतात त्याच कॅलेंडरात.

ते दिवस विचित्र गेले. बाजरी काढणीला आली होती. खंड्या रोजच्यासारखा माझ्यामागं रानात यायचा, बांधावर उंदराचं बीळ उकरायचा, भाकरी दिली की एक तुकडा खायचा आणि एक पुरून ठेवायचा. त्याला उद्याची भीती नव्हती. त्याच्या वाटणीची भीती मीच भीत होतो. रात्री अंगणात झोपलो की तो उशाला येऊन पडायचा आणि माझा हात आपोआप बरगडीवर जायचा. तेव्हा मनात यायचं, ह्याला सांगता आलं असतं तर हा काय म्हणाला असता? ने म्हणाला असता की राहू दे म्हणाला असता? उत्तर येत नाही. येणार नाही. मुक्या जिवाच्या बाबतीत आपण नेहमी अंधारात उडी मारतो. ती त्याच्या बाजूनं मारायची की आपल्या, एवढंच आपल्या हातात असतं.

शिरवळच्या डॉक्टरीण बाई माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी गाठ चाचपली आणि म्हणाल्या, "हाताला तर चरबीची वाटते काका, पण हातावर विश्वास ठेवायचा नसतो." मी म्हटलं, मऊ आहे, सरकते, म्हणजे बरी असेल ना? त्या म्हणाल्या, बहुतेकदा असंच असतं, पण एक वाईट जात अशी आहे की ती कुठलंही सोंग घेते. कधी मऊ, कधी घट्ट, कधी साध्या चामखिळीसारखी, आज मोठी तर परवा लहान. ती फक्त भिंगाखाली पकडता येते. आणि कुत्री असेल आणि गाठ सडाजवळ असेल तर साधारण निम्म्या वेळा ती वाईट निघते, म्हणून तिथं तर अजिबात वाट बघायची नाही. त्यांनी इंजेक्शनच्या सुईनं गाठीतून थेंबभर काढलं, काचेवर पसरलं, वाळवलं, रंगवलं आणि भिंगाखाली धरलं. खंड्यानं हूं की चूं केलं नाही. कापाकापी नाही, भूल नाही. एवढीशी सुई, आणि तिच्यासाठी मी दहा दिवस झोपलो नव्हतो.

रांगेत आमच्या पुढं हायवेवरच्या एका चहावाल्यानं एक भटकी कुत्री आणली होती. तिच्या मागच्या बाजूला कोबीच्या गड्ड्यासारखं रक्ताळलेलं मांस वाढलेलं. बाईंनी सांगितलं, हाही एक कॅन्सरच, पण जगावेगळा. भाद्रपदात कुत्री एकमेकांना लागतात तेव्हा एकाच्या रोगाच्या पेशीच दुसऱ्याच्या अंगात जाऊन रुजतात. आणि गंमत अशी की हा कॅन्सर बहुतेक वेळा पुरता बरा होतो. आठवड्याला एक अशी चार-सहा इंजेक्शनं. त्या औषधाचं नाव व्हिन्क्रिस्टीन, आणि ते मुळात मिळालं सदाफुलीपासून. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरलाही तेच देतात. मी थक्क झालो. आमच्या तुळशीवृंदावनाच्या कडंला सदाफुली न लावता उगवते. कुणी पाणी घालत नाही, देवाला वाहायची तर दुसरं फूल मिळालं नाही तरच. तिचा पाला खाऊ घालून रोग जात नाही, उलट विषबाधा होते, हे बाईंनी मला बजावून सांगितलं, आणि मीही वाचणाऱ्याला बजावून सांगतो. पण त्या फुलाला मी साठ वर्षं 'उगाच उगवतं' असंच समजत होतो.

त्या चहावाल्याला मी विचारलं, "कुत्री तुमची?" तो म्हणाला, "माझी नाय. पण टपरीसमोर बसती. रोज बघतोय, मग करणार काय?" आठवड्याला एकदा धंदा बंद ठेवून तो तिला आणणार होता. त्याच्याजवळ एवढंच कारण होतं, की रोज बघतोय. मला वाटतं मी इथं पानं भरून जे सांगतोय ते त्यानं चार शब्दांत सांगितलं.

आता ज्या बोलण्याला मला खरंच उत्तर द्यावं लागलं ते टपरीवरचं नव्हतं. आमच्या रानात खुरपायला येणारी एक बाई आहे. तिनं सहज म्हटलं, "आमच्या पोरास्नी एवढं कुणी नेत न्हाई, दादा." तिच्या बोलण्यात खोच नव्हती. खरं तेच बोलली. माणसाला दवाखाना परवडत नाही तिथं कुत्र्याला पिकअपमधून न्यायचं, हे बघणाऱ्याला टोचणार. मी तिचं बोलणं तेव्हा खोडलं नाही आणि आजही खोडत नाही. पण मी स्वतःला एक प्रश्न विचारला. मी खंड्याला नेलं नसतं तर ते बाराशे रुपये तिच्या पोराच्या औषधाला गेले असते का? खरं उत्तर असं, की ते ठिबकच्या नळ्यांना गेले असते. तिच्या पोराचं देणं माझ्यावर असेल, गावावर असेल, सरकारवर असेल, तर ते वेगळं देणं आहे आणि पुरतं द्यायचं आहे. ते खंड्याच्या खात्यातून वळतं करून फिटत नाही. माणसाच्या नावानं कुत्र्याला नाही म्हणणारे बरेच बघितलेत. त्यातले फार थोडे नंतर माणसाकडं गेले.

आणि पैशाला शेवट असतो, हेही मी मान्य करतो. शहरातला माझा मुलगा फोनवर म्हणाला होता, "लागेल तेवढा खर्च करू." त्याचं प्रेम खरं, पण 'लागेल तेवढा' हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी शोभत नाही. गाठ वाईट निघाली असती तर? मी ठरवून ठेवलं होतं. कापून निघण्यासारखी असती तर एक शेळी विकली असती. तेवढ्यानं भागलं नसतं तर जमीन गहाण टाकली नसती, मुलाला कर्ज काढू दिलं नसतं. आणि उपाय संपले असते तर त्याला लांब बांधून, नजरेआड करून मरू दिलं नसतं. वेदनेचं औषध दिलं असतं, आणि ती डोळ्यानं बघवेनाशी झाली असती तर डॉक्टरांना सांगून शांत मरणाचं इंजेक्शनही दिलं असतं. आमच्या गावात हे पाप समजतात. मी बरीच जनावरं आठवडा-आठवडा टाचा घासून मरताना बघितलीत. ते पुण्य असेल असं मला वाटत नाही.

म्हणजे देण्याला माझ्याकडं हद्द आहे. कुठवर जायचं हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. पण बघणं, हात लावणं, काय आहे ते विचारणं, हे त्या वाटेचं पहिलं पाऊल आहे आणि ते जवळजवळ प्रत्येकाला परवडतं. हद्द पुढं आहे म्हणून पहिलं पाऊलच टाकायचं नाही, ही पळवाट झाली.

कीर्तनात आपण धर्मराजाची गोष्ट ऐकतो. शेवटच्या वाटेवर भाऊ गळाले, द्रौपदी गळाली, राहिला तो मागं मागं आलेला कुत्रा. स्वर्गाच्या दारात सांगितलं की कुत्र्याला आत घेता येणार नाही. धर्मराज म्हणाला, मग मीही येत नाही. आणि मग तो कुत्रा साक्षात यमधर्म निघाला. नामदेवांचं तसंच. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागं ते तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून, आणि कुत्र्यात विठ्ठल निघाला. ऐकणारे माना डोलावतात. मला अलीकडं वाटतं, आपण या गोष्टींचा शेवट लक्षात ठेवतो आणि मधलं विसरतो. कुत्रा देव निघाला म्हणून धर्मराजाचं वागणं उगाच ठरलं नाही, असं आपण समजतो. पण तो दारात थांबला तेव्हा त्याच्यापाशी नुसता एक कुत्रा होता, वाटेनं सोबत आलेला. समजा तो शेवटपर्यंत कुत्राच राहिला असता, तर धर्मराज चुकला असं म्हणायचं का?

माझ्या गोष्टीत कुत्रा कुत्राच निघाला आणि गाठ चरबीची निघाली. कुणी देव प्रकट झाला नाही, कुणाचा जीव वाचला नाही. तात्यांच्या भाषेत सांगायचं तर पदरात काही पडलं नाही. तरी पण त्या सकाळी मी पिकअपच्या मागच्या फाळक्याला खंड्याला बांधून, शेजारी गोणपाट टाकून निघालो, तेव्हाच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाईंनी काचेत काय बघितलं त्यानं माझी रात्रीची झोप परत आली, एवढाच फरक. निघणं बरोबर होतं की नाही हे त्या काचेला विचारायचं नव्हतं.

तात्या अजून चिडवतात. दर अमावास्येला मी तोच दोरा काढून गाठ मोजतो, ते कुंपणापलीकडून बघतात आणि विचारतात, "काय म्हणतीया चरबी?" दोन वर्षांत ती बोटभर वाढली आहे. खंड्या आता अकरा वर्षांचा झाला, कानानं कमी ऐकतो, रानात अर्ध्या वाटेवर थांबतो आणि मी परत यायची वाट बघत बाभळीखाली बसतो. मध्ये एकदा तात्यांनी आपल्या म्हशीच्या मानेवर हात फिरवता फिरवता मला हाक मारली. "हितं जरा हात लाव रं. मला काय तरी लागतंय." मी लावला. गोचीड चावल्याची सूज होती, दोन दिवसांत बसली. मी त्यांना 'उगाच बोलावलंत' असं म्हटलं नाही.